मोलाचा शोध

बुडालेल्या जहाजाचा ठाव मोल घेऊन लावून देणाऱ्या शोधकाकडे सज्जन मनुष्य किंचित् तुच्छतेनें पाहतो. विद्या त्याची, लोभ दुसऱ्याचा, आणि शोधभूमि म्हणजे बहुधा कोणाची तरी स्मशानभूमि! हा आक्षेप कितपत न्याय्य आहे, हें एका उदाहरणावरून पाहूं.

जिच्या नांवांत आपल्या परिचयाचें गिरसप्पाच आहे ती ‘गैरसोप्पा’ आगबोट १९४० च्या डिसेंबरांत चहा, लोखंड व चांदी घेऊन कलकत्त्याहून निघाली. १९४१ च्या फेब्रुवारींत आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुडीनें ती बुडविली. बोटीवरील सुमारें ८५ जणांपैकीं एकच अधिकारी वांचला. मृतांत हिंदी खलाशी पुष्कळ होते. पुढें २०१० सालीं ब्रिटिश सरकारनें एका अमेरिकन कंपनीशीं करार केला : जोखीम कंपनीची, आणि खर्च वजा जातां उरणाऱ्या प्राप्तीचा ८० टक्के वांटाहि तिचाच. शेतकरी तासाशेजारीं तास काढीत जातो, त्याप्रमाणें शोधकांनीं ध्वनियंत्र समुद्रांतून ओढीत नेलें. २०११ मध्यें सुमारें ४,७०० मीटर खोलीवर बोट सांपडली, आणि पुढील दोन वर्षांत २,७०० हून अधिक चांदीच्या लगडी वर आल्या.

त्यांच्याबरोबर वर आलीं तीं ७०० हून अधिक पत्रें. हिंदुस्थानांतून टपालांत पडलेलीं, पण घरीं कधींच न पोंचलेलीं.

सत्तर वर्षांत त्या पत्रांपर्यंत शोक पोंचला नव्हता. चांदीची आशा पोंचली. तेव्हां हेतु हलका म्हणून फळहि हलकेंच, हा न्याय टिकत नाहीं. परंतु फळ चांगलें निघालें म्हणून लोभ शुद्ध झाला, असेंहि नव्हे. ज्या बोटींत केवळ चहा व माणसें होतीं, तिच्यासाठीं असा करार कोण करणार? खलाशाच्या विधवेपाशीं शोधनौका भाड्यानें घेण्याइतकें द्रव्य नसतें. कोणत्या मृतांची आठवण वर यावी, हें त्यांच्या शेजारीं ठेवलेला माल ठरवितो. या व्यवहारांतील खरें वैगुण्य हें आहे, आणि तें एकट्या शोधकाच्या माथीं मारतां येत नाहीं.

मोल घेणें हा त्याचा दोष नव्हे. वैद्यहि मोल घेतोच. लगडी मोजून झाल्यावर शेजारच्या ओल्या थैलीकडे पाठ फिरविणें, हा मात्र दोष झाला असता. चांदीसाठीं त्याला मोल मिळतें. त्या थैलीसाठीं करारांत कांहींच लिहिलेलें नसतें. त्याची परीक्षा तेथेंच होते.