गोणी कुठपर्यंत आपली?

टॉलीगंजहून गरियाकडे मेट्रोने जाताना खिडकीखाली काळं पाणी दिसतं. मेट्रोचे खांब त्या पात्रातच उभे आहेत. नवखा माणूस त्याला नाला म्हणतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. विल्यम टॉली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ च्या सुमारास गाळाने भरलेलं हे पात्र उपसून नावांसाठी मोकळं केलं, तेव्हापासून त्याचं नावच 'टॉलीचा नाला' पडलं. कालीघाटची माणसं मात्र त्याला आदिगंगा म्हणतात. गंगेचा जुना प्रवाह इथूनच समुद्राकडे जात असे. कालीमातेचं देऊळ या काठावर आहे ते उगाच नाही.

बावीस वर्षं मी या पाण्याच्या जवळ राहते आहे. वास आला की खिडकी लावून घ्यायची, एवढाच आमचा संबंध. गेल्या चैत्रात मात्र काय मनात आलं कोण जाणे, चौदाजणांना गोळा करून मी एका रविवारी काठाची सफाई ठरवली. हातमोजे, गोण्या, लिंबू सरबत, प्रथमोपचाराची पेटी, सगळं चोख होतं. चार तासांत एकतीस गोण्या भरल्या. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोडलेलं निर्माल्य आणि विसर्जनानंतर उरलेले मूर्तींचे गवती सांगाडे. फोटो काढले आणि दमून, खुशीत घरी गेलो.

निघताना काठावरच्या वस्तीतल्या एका बाईला मी जरा दरडावूनच म्हटलं, "आता इथं कचरा टाकू नका हं." ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दिदी, आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. आमचा कचरा तुम्हाला दिसतो. तुमचा कुठं जातो?"

मी हसून वेळ मारून नेली.

त्या एकतीस गोण्या उचलून कोण नेणार, हे मी ठरवलंच नव्हतं. कुणीतरी नेईल, असं गृहीत धरलं होतं. सोमवारी फोन करू म्हटलं, ते राहून गेलं. मंगळवारी संध्याकाळी कालबैसाखीचं वादळ आलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर निम्म्या गोण्या फाटून पाण्यात गेल्या होत्या. आम्ही विखुरलेला कचरा एकत्र केला आणि गोळा करून पुन्हा नदीला दिला.

एक मित्र म्हणाला, "बरं झालं. तुम्ही हौशी लोक हे करता, म्हणून ज्यांचं ते कर्तव्य आहे त्यांना सवड मिळते." हा आक्षेप मला फेटाळता येत नाही. पण तो पूर्ण खराही वाटत नाही. दुसऱ्याचं कर्तव्य आपण केलं तर त्याचं कर्तव्य संपतं का? ऋण दुसऱ्याने फेडलं तर सावकार गप्प बसतो. पण पाणी सावकार नाही, ते उद्या पुन्हा घाण होतं.

याच शहरात १९०१ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. रिपन कॉलेजमध्ये प्रतिनिधींची सोय होती. लोकमान्य टिळक त्याच इमारतीत उतरले होते आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेले तरुण गांधीही. संडासांची दुर्दशा पाहून गांधींनी स्वयंसेवकांना विचारलं; ते आमचं काम नव्हे, भंग्याचं आहे, असं उत्तर आलं. गांधींनी झाडू मागून घेतला आणि साफ केलं. पण आत्मकथेत ते हेही सांगून टाकतात, की ती सफाई आपल्यापुरतीच होती. गर्दी इतकी होती की सगळं स्वच्छ ठेवणं आपल्या आवाक्याबाहेरचं होतं.

मला त्या झाडूपेक्षा ही कबुली मोठी वाटते. आपल्यापुरतं केलं ते आपल्यापुरतं म्हणायचं, त्याला समाजसेवेचं नाव द्यायचं नाही. आमचे फोटो तेवढंही म्हणत नव्हते. शिवाय ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं त्यांचे फोटो कुणी काढत नाही. रविवारी मी केलं तर ती सेवा, सोमवारी त्यांनी केलं तर ती जात.

मग सफाई करूच नये का? इथं मला गाडगेबाबा आठवतात. गावात शिरताच ते आधी रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडत. झाडणं हे त्यांचं उत्तर नव्हतं. ती प्रश्नाची तयारी होती. कचरा हाताळलेल्या माणसाला 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणता येत नाही. स्वयंसेवेची किंमत उचललेल्या किलोंत नसून या बंद झालेल्या पळवाटेत असावी, असं मला वाटतं. गोणीचं तोंड बांधलं की काम संपलं असं मानलं, तर मित्राचा आक्षेप शंभर टक्के खरा. गोणी शेवटच्या ठिकाणी पोचेपर्यंत ती आपली.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी दिवस आणि कचरा ठेवायची जागा वस्तीतल्या बायकांनी ठरवली आणि आम्ही आधी गाडी ठरवली. नऊच गोण्या भरल्या, पण नऊच्या नऊ काठावरून गेल्या.

त्या बाईचा प्रश्न मात्र उरलाच होता. एका दुपारी मी आमच्या इमारतीच्या सांडपाण्याचा माग काढत चालत गेले. गल्लीच्या टोकाला गटार आणि ते गटार आदिगंगेत. तिचा कचरा पिशवीतून जात होता, माझा नळीतून; फरक एवढाच की माझा दिसत नव्हता. बोट तिच्याकडे दाखवणं मला त्या न दिसण्यामुळेच जमलं होतं.

सोसायटीच्या बैठकीत मी हे मांडलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "ते आपलं काम नाही." स्वयंसेवकांनी १९०१ साली जवळजवळ हेच म्हटलं होतं. पुढच्या बैठकीत मी हाच विषय पुन्हा काढणार आहे. चिखलात वाकण्यापेक्षा हे अवघड जातं, कारण इथं हातमोजे घालता येत नाहीत.