ठिणगीआधीची चार मिनिटे

माणसाने कधी थांबावे आणि कधी थांबू नये, हा प्रश्न तसा जुनाच आहे. मला तो नव्याने पडला तो एका बोटीच्या इंजिनामुळे. सोलापूरच्या माणसाने बोटीविषयी बोलावे याचे वाचकांना हसू येईल. पण माझी सासुरवाडी रत्नागिरीची. पत्नीचे मामू तरुणपणी मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटीवर होते आणि पुढे बरीच वर्षे आखातात एका शेठच्या सहलीच्या बोटीवर. मागच्या हिवाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले होते.

एका सकाळी मी शाळेला निघालो. अब्बांची जुनी स्कूटर आठवडाभर उभी होती. चोक ओढला, एकामागून एक किक मारत सुटलो. पेट्रोलचा वास आला, म्हणजे ओव्हर झाली. तरी मी किक मारतच होतो. ओट्यावर चहा पीत बसलेले मामू म्हणाले, "मास्तर, बोटीवर असतात तर आतापर्यंत जळून गेला असतात."

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. मिरकरवाड्याच्या बोटींची इंजिने डिझेलची. तिथे ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते आणि डिझेलची वाफही सहज होत नाही. म्हणून तिथे चढले की इंजिन सुरू, अशी सवय. आखातातल्या शेठची बोट मात्र जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली, आणि इंजिन बोटीच्या पोटात. पहिल्याच दिवशी मामू सवयीने चावीकडे गेले, तेव्हा तिथल्या जुन्या खलाशाने त्यांचा हात धरला.

कारण असे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. स्कूटरमधून ती सांडली तर वाऱ्यावर निघून जाते. बोटीच्या पोटात गळली तर तळाशी जाऊन बसते, डोळ्यांना दिसत नाही. हवेत दीड टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. म्हणून आधी इंजिनाचे झाकण उघडायचे, वाकून वास घ्यायचा आणि तळाची हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालवायचा. अमेरिकेत तर अशा बोटीवर चावीजवळच सूचना लावण्याची कायद्याने सक्ती आहे : ब्लोअर किमान ४ मिनिटे चालवा, तळाशी वाफ आहे का ते तपासा, मगच इंजिन सुरू करा.

पुढचा भाग मला अधिक विचार करायला लावणारा वाटला. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. थेंब नळीच्या भिंतींना चिकटतात. म्हणून चोक लावून हवा कमी करायची, थ्रॉटल एक-दोनदा दाबून थोडे जास्त पेट्रोल आत सोडायचे आणि स्टार्टर जेमतेम दहा सेकंद फिरवायचा. नाही पेटले तर थांबायचे. फिरवतच राहिलात तर बॅटरी तर जातेच. शिवाय इंजिन थंड करायला ओढलेले पाणी धूर जाण्याच्या वाटेत साठते. ते बाहेर ढकलायला धूरच नसल्यामुळे ते उलटे इंजिनात शिरू शकते. म्हणजे न पेटणाऱ्या इंजिनावर जितका जोर करावा तितके ते बुडत जाते.

आता पाहा. जी वाफ सिलिंडरमध्ये तयार व्हावी म्हणून आपण एवढी खटपट करतो, तीच वाफ तळाशी साठली तर बोट उडवते. वाफ तीच, जागा वेगळी. मला वाटते, माणसाच्या रागाचेही असेच आहे. राग हराम नाही. अन्यायावर राग येत नसेल तर माणूस थंड इंजिनासारखा, जागचा हलणार नाही. पण तो राग कुठे साठला आहे, हे न हुंगता जो चावी फिरवतो, तो स्वतःबरोबर बोटीतल्या सगळ्यांना धोक्यात घालतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या उर्दू शाळेत आठवीला एक मुलगा होता. रोज उशिरा यायचा, दुसऱ्या तासाला पेंगायचा. एक दिवस माझा तोल गेला. सगळ्या वर्गासमोर मी त्याला बोललो. त्याला बोललो ते कमीच, त्याच्या बापालाही बोललो. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्यानंतर मी घरी गेलो. बापाचे यंत्रमागावरचे काम सुटले होते, आई विड्या वळत होती आणि मुलगा रात्री दोनपासून एका बेकरीत पाव काढायला जात होता. पडद्याआडून आई अदबीने म्हणाली, "सर, अब वो काम पे ही लग गया." मी पुन्हा दोनदा गेलो. मुलगा परत आला नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलाला मारण्याइतकीच मानसिक छळालाही मनाई केली आहे. हे मला त्या दिवशीही पाठ होते. पण कायदा ठाऊक असणे वेगळे आणि वाकून वास घेणे वेगळे. "बेटा, रात्री झोपतोस कुठे?" एवढे विचारायला चार मिनिटेही लागली नसती.

आपल्या शहरालाही हा अनुभव आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये एका अमेरिकन पाद्र्याने प्रेषितांविषयी काढलेल्या उद्गारांच्या निषेधासाठी सोलापुरात बंद पाळला गेला आणि त्यातून दंगल पेटली. माणसे मेली. मी तेव्हा शाळेत होतो. पाद्री सातासमुद्रापलीकडे सुखरूप होता, जळले ते आपलेच शहर. दंगलीनंतर प्रत्येक जण विचारतो, ठिणगी कोणी टाकली? विचारायलाच हवे, टाकणाऱ्याला शिक्षाही व्हायला हवी. पण तळाशी वाफ किती दिवसांपासून साठत होती आणि झाकण उघडून पाहण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न दोन्ही समाजांत फारसा कोणी विचारत नाही.

यावर माझे एक सहकारी म्हणाले, "हे सगळे दुबळ्यांचे तत्त्वज्ञान. सब्र करा, सब्र करा म्हणत आपण पिढ्या घालवल्या." त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. थांबा म्हणणारे पुष्कळदा आपली खुर्ची सांभाळत असतात. पण सब्र या अरबी शब्दाच्या मुळाशी स्वतःला रोखून धरणे, आवरणे असा अर्थ आहे. हातावर हात ठेवून बसणे हा त्याचा अर्थ नव्हे. त्या चार मिनिटांत खलाशी बसलेला नसतो. पंखा चालू असतो, तो वास घेत असतो, नळी कुठे गळते ते शोधत असतो. आणि मुदत चार मिनिटांची असते, चाळीस वर्षांची नव्हे. बोट धक्क्याला बांधून ठेवण्यासाठी कोणी ब्लोअर लावत नाही, पलीकडे जायचे असते म्हणून लावतो. जो नुसताच थांबतो आणि चावी कधीच फिरवत नाही, त्यालाही सब्र करणारा म्हणता येणार नाही.

मग थांबणे आणि टाळणे यांतला फरक कसा ओळखायचा? मला सुचलेली कसोटी साधी आहे. थांबलेल्या वेळात मी काही शोधले का, आणि शोधून झाल्यावर कृती केली का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो धीर. एकाचेही नाही असेल तर तो भित्रेपणा किंवा आळस, नाव आपण काहीही देवो.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता बटण दाबले की गाडी सुरू होते. चोक म्हणजे काय हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. मोबाईलवरचा संदेशही तसाच, अंगठा लागला की शंभर घरांत पोचतो. यंत्रांनी आपली वाट पाहण्याची सवय काढून घेतली आहे. माणसाचे मन मात्र अजून कार्बोरेटरवरच चालते.

हल्ली उशिरा आलेल्या मुलाला मी आधी वर्गात बसवतो. तास संपल्यावर व्हरांड्यात बोलावून विचारतो आणि त्याच दिवशी विचारतो, उद्यावर ढकलत नाही. कधी कधी कारण फालतू निघते, तेव्हा रागावतोही. पण तो बेकरीतला मुलगा मला अजून नाक्यावर दिसतो. सलाम करतो, मी जवाब देतो. पुढे काय बोलावे ते मला सुचत नाही.