शाल

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दिवाळी सरली की निम्मं गाव बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातं. त्यामुळं २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं, एवढीच.

त्या वर्षी फौजीआबा आले नाहीत. १९७१ च्या लढाईतला माणूस. दरवर्षी कोटावर पदकं लावून झेंड्यापुढं ताठ उभा राहायचा. आता कर्करोगानं पोखरलेले. डॉक्टरांनी घरीच सांभाळा म्हणून सांगितलेलं. मी तेव्हा शाळेवर मास्तर. मीच सुचवलं, घरी जाऊन सत्कार करू.

शाल, नारळ, पोरं, फोटोवाला, सगळी वरात ओसरीवर गेली. आबा कुशीवर पडलेले. फोटोत नीट दिसावेत म्हणून आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं. पोरांनी जयजयकार केला. आबांनी हात कपाळाकडं नेला, तो निम्म्यातच थरथरला. 'बघा, अजून सलाम ठोकतो,' कुणीतरी म्हणालं. मी जवळ होतो. त्यांनी दात आवळले होते.

सून आतून धावत आली. "गुरुजी, निजवा त्यायला! पाठीला जखमा हायेत मामांच्या."

ही सून त्या साली तोडीला गेली नव्हती. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको मागं राहिली की नवरा अर्धा कोयता, उचलही निम्मीच. त्या घरानं सासऱ्याच्या अंथरुणापायी अर्धा कोयता सोडला होता. तिच्यासाठी आम्ही नारळसुद्धा नेला नव्हता.

उचल घेतली की ती अंगानं फेडावी लागते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही जाणतं. आबांच्या तरुणपणाची उचल आपण सगळ्यांनी खाल्ली, आणि मी ती एका शालीत फेडायला निघालो होतो. मग शाल द्यायचीच नव्हती का? तसंही म्हणवत नाही. निजवल्यावर आबांनी ती बोटांनी दोनदा चाचपली होती. आपली याद आहे, हे माणसाला शेवटीही हवंच असतं. पण आम्हाला ताठ फौजी पाहिजे होता. दुखणाईत आबा कुणाला नको होते. त्यांना कसं बरं वाटेल, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला एकटाच गेलो. शाल चौघडी करून आबांच्या कमरेखाली घातलेली. माझी नजर तिकडं गेलेली बघून सून जरा चाचरली. "मऊ हाय म्हणून घातली, गुरुजी." मग म्हणाली, "आलाच हायत तर जरा पाय धरा. कूस बदलायचीय."

मी चप्पल काढून पायथ्याशी गेलो.