खापर रुग्णाच्या डोक्यावर फोडू नका

बसा. वह्या उघडू नका. आज लिहून घेण्यासारखं काही नाही, ऐकून घेण्यासारखं आहे.

किडनी प्रत्यारोपणाच्या जुन्या फायली काल चाळल्या. प्रत्येकीत डिस्चार्जच्या तारखेला एकच वाक्य आहे : ‘रुग्णास व नातेवाइकांस औषधांचे महत्त्व समजावून सांगितले.’ अक्षर वेगवेगळं, वाक्य तेच, खाली सही. त्यातल्या काही फायलींत पुढे काही महिन्यांनी दुसरं वाक्य येतं : ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही.’ पहिल्या वाक्याने तुम्ही सुटलात, दुसऱ्याने रुग्ण अडकला. व्यवस्था चोख आहे. फक्त किडनी गेली.

समजावून सांगितलं म्हणजे नेमकं काय केलंत, सांगेल कोणी? मी सांगते, कारण वॉर्डात मी उभी असते. मुलगा बिल भरायला खाली गेलेला, गाडीवाला सारखा फोन करतोय, रुग्णाचे टाके ओढतायत. अशा माणसापुढे तुम्ही सात-आठ औषधांची नावं घडाघडा म्हटलीत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, बीपीची, अॅसिडिटीची, जंतुसंसर्गाची. हातात कार्ड दिलंत ते इंग्रजीत. ‘वन-झीरो-वन’ म्हणजे सकाळी एक, संध्याकाळी एक हे तुम्हाला कळतं. बीडहून आलेल्या शेतकऱ्याला ते कुठल्या जन्मी कळणार? त्याने मान हलवली. तुम्ही सही घेतलीत. याला शिकवणं म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना अजून वाटतं की प्रत्यारोपण म्हणजे ऑपरेशन. ते सर्जनचं काम, आपण नंतर गोळ्यांची यादी द्यायची. थोडा इतिहास वाचा. 1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते जुळ्या भावाभावांमध्ये. एकसारखे जुळे, म्हणून शरीराला किडनी परकी वाटलीच नाही. बाकीच्यांचं काय होतं, ते हृदय प्रत्यारोपणांनी दाखवलं. डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बसवलं आणि पुढच्या काही आठवड्यांतच, 1968 मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही ते धाडस केलं. रुग्ण काही तासांत गेला. त्या वर्षी जगभर शंभरावर हृदयं बसवली गेली आणि बहुतेक रुग्ण दगावले. जे टेबलावरून वाचले त्यांतल्या अनेकांना पुढे रिजेक्शनने किंवा जंतुसंसर्गाने गाठलं. एकामागून एक रुग्णालयांनी हे काम बंद केलं. सर्जनांचे हात तेव्हाही कुशल होते. शरीराचा हा नकार नीट रोखणारी गोळी नव्हती.

ती आली मातीतून. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली, तिच्यातून सायक्लोस्पोरिन निघालं. 1978 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी ते किडनीच्या रुग्णांना दिलं, 1983 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. आपल्या देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये झालं ते 1994 मध्ये, म्हणजे केईएमच्या त्या प्रयत्नानंतर 26 वर्षांनी. मधल्या काळात मोठा फरक पडला तो औषधांनी. आणि ज्या औषधासाठी दुनिया इतकी वर्षं थांबली, त्याची माहिती तुम्ही लिफ्टची वाट बघता बघता उरकता.

आता मला सांगा, माणूस गोळी का चुकवतो? ‘निष्काळजी असतो’ हे उत्तर मला नको. निष्काळजी माणूस वर्षानुवर्षं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला येत नाही.

पहिलं कारण हे की गोळी चुकल्यावर काहीच होत नाही. इन्सुलिन चुकलं तर साखर वाढते, तहान लागते, शरीर बोलतं. टॅक्रोलिमसचे दोन डोस चुकले तर त्या दिवशी काही दुखत नाही, लघवी होते, जेवण जातं. उलट बरं वाटतं : हाताचा कंप कमी होतो, मायकोफेनोलेटही चुकलं तर त्याने होणारे जुलाब थांबतात. शरीर मात्र परकी किडनी ओळखून बसलेलं असतं, वर्षं उलटली तरी विसरत नाही. हळूहळू तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. क्रिएटिनिन वाढलेलं रिपोर्टमध्ये दिसतं तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याच अँटिबॉडींमुळे दुसऱ्या खेपेला जुळणारा दाता मिळणंही अवघड होतं. हे रुग्णाला सांगितलंत का? ‘गोळ्या चुकवू नका’ एवढंच सांगितलंत. त्याने एकदा चुकवून पाहिली, काही झालं नाही, आणि तुम्ही खोट्या ठरलात.

आणि गोळी चुकली हे तुम्हाला कळतही नाही. फॉलोअपला तुम्ही विचारता, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलंय? ‘हो मॅडम’ हे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. प्रश्न असा विचारायचा : ‘सगळ्यांच्याच राहतात कधीमधी. गेल्या आठवड्यात तुमच्या कितीदा राहिल्या? सकाळच्या राहतात की रात्रीच्या?’ मग पिशवी मागा. स्ट्रिपा टेबलावर काढा आणि मोजा. महिनाभरापूर्वी दिलेल्या गोळ्यांतल्या किती उरायला हव्यात आणि किती उरल्यात, हा तिसरीतल्या मुलाचा हिशेब आहे. तोही तुम्ही करत नाही.

‘पण मॅडम, रक्तातली औषधाची लेव्हल नॉर्मल आली होती.’ हे मला ऐकवू नका. रक्त तपासायचं ठरलं की आदले चार दिवस लोक घड्याळ लावून गोळ्या घेतात. वर्षभर वही न उघडणारा मुलगा वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री जागतो, त्यातला हा प्रकार. एका रिपोर्टवर निकाल देऊ नका. मागचे पाच-सहा रिपोर्ट शेजारी मांडा. डोस तोच असताना आकडा एकदा वर, एकदा खाली असा उड्या मारत असेल, तर घरी काहीतरी बिनसलंय.

आणि कधी कधी बिनसलेलं इथेच असतं. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळच्या डोसच्या आधी, रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी घ्यायची असते. ‘एकही डोस चुकवू नका’ असं तुम्ही बजावलेलं, म्हणून बिचारा सकाळची कॅप्सूल घेऊन रक्त द्यायला येतो. लेव्हल जास्त दिसते आणि डोस कमी होतो. रुग्णाने तुमचं ऐकलं, हा त्याचा गुन्हा! ‘त्या दिवशी कॅप्सूल बरोबर आणा, रक्त दिल्यावर घ्या’ हे वाक्य म्हणायला किती सेकंद लागतात?

टीबीचंही तेच. आपल्याकडे प्रत्यारोपणानंतर टीबी होणं नवलाचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रिफाम्पिसिन सुरू होतं, आणि ते टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन खाली आणतं. रुग्णाने एक गोळी चुकवलेली नसते, तरी फाईलवर शिक्का त्याच्यावर. उलट क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लेव्हल वर नेतं. कोविडच्या काळात घरोघरी प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे उकळत होते. ज्याची प्रतिकारशक्ती आपण औषधाने मुद्दाम दाबून ठेवलीय, त्याला गुळवेलीचा काढा पाजणाऱ्या आत्याबाईंना कोण सांगणार होतं? नवं कुठलंही औषध, काढा, चूर्ण घेण्याआधी आम्हाला फोन करा, हे कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत हवं. आपल्या कार्डावर रुग्णालयाचं बोधचिन्ह ठळक आहे.

आता मुलींचं बोलते, आणि ते शांतपणे ऐका. आपल्याकडे नवऱ्याला, मुलाला किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत कमी. ज्या मोजक्या मुलींना मिळते, त्यांच्यातल्या एखादीचं लग्न ठरतं. सासरी सांगितलेलं नसतं, किंवा फक्त नवऱ्याला माहीत असतं. ती स्ट्रिपा कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. रात्रीची गोळी सगळे झोपल्यावर. पाहुणे आले, जागरण झालं, की गोळी राहिली. मग मायकोफेनोलेटने बाळात व्यंग येऊ शकतं असं कुठूनतरी तिच्या कानावर येतं. ते खरंच आहे. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर ते आधीच बंद करून दुसरं औषध देतात. पण हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ती सगळ्याच गोळ्या बंद करते. तिच्या फाईलवर तुम्ही काय लिहिलंत, मी वाचलंय. तिला एकटीला बाजूला बसवून ‘लग्न ठरतंय का, मूल कधी हवंय, घरी कोणाला माहीत आहे’ हे तीन प्रश्न विचारले असतेत, तर ते वाक्य लिहावंच लागलं नसतं.

विशी-बाविशीतली पोरं हा वेगळा विषय. आईची किडनी आणि आईचाच पहारा. पोरगा शिकायला पुण्याला खोली घेऊन राहतो आणि पहारा संपतो. प्रेडनिसोलोनने तोंड सुजलंय, मुरमं आलीत, मित्र चिडवतात. त्याला ‘आईने एवढं केलं, लाज वाटत नाही का?’ असं विचारणारी तुमच्यात कोण आहे ते मला ठाऊक आहे. लाज वाटली म्हणून तो पुढच्या फॉलोअपला आलाच नाही. त्याला विचारायचं होतं की बाबा, कुठल्या गोळीचा त्रास होतो? दिवसातून एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमसही मिळतं. ते त्याला चालेल का, हे डॉक्टरांपुढे मांडायचं काम तुमचं होतं.

उपासांचंही विचारत जा. हरतालिकेला पाणी न पिणारी बाई गोळी कशाने घेणार? रोजे धरणाऱ्याची सकाळ कधी होते? हे रमजान उलटल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पैशांवर तर तुम्ही बोलतच नाही. संकोच वाटतो म्हणे. ही औषधं किडनी चालेल तोवर घ्यायची असतात. ऑपरेशनसाठी गाव वर्गणी काढतं, तिसऱ्या वर्षाच्या गोळ्यांसाठी कोणी काढत नाही. हे गरीब देशातच होतं असंही समजू नका. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी योजना 65 वर्षांखालच्या बहुतेक किडनी रुग्णांचा या गोळ्यांचा खर्च 36 महिन्यांनी थांबवत असे. गोळ्या बंद होऊन किडनी गेली की डायलिसिसचा खर्च मात्र सरकारच उचलायचं! हा शहाणपणा सुधारायला 2020 मध्ये कायदा करावा लागला आणि तो 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. आपल्याकडे माणूस काय करतो? दोनच्या जागी एक घेतो, म्हणजे स्ट्रिप दुप्पट दिवस पुरते. किंवा गावचा केमिस्ट ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरा ब्रँड देतो आणि लेव्हल कोणी तपासत नाही. ‘या महिन्याच्या गोळ्यांचे पैसे आहेत का?’ असं तोंडावर विचारा. नसतील तर समाजसेवा अधीक्षकांकडे हाताला धरून न्या, नुसती चिठ्ठी देऊ नका.

उद्यापासून हे असं होईल. ऑपरेशननंतर रुग्ण खाटेवर बसू लागला की त्याच्या गोळ्या त्याच्याच हातात द्यायच्या. तो काढेल, तो मोजेल, तुम्ही फक्त बघायचं. डिस्चार्जच्या दिवशी नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून. चुकला तर इथे चुकू दे. कार्ड मराठीत किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत, प्रत्येक ओळीसमोर रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा चिकटवलेला. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढा. घरातल्या एका माणसाचं नाव ठरवा, ‘घरचे बघतील’ चालणार नाही. गोळी वेळेला जोडा आणि वेळ त्याच्या दिवसातली असू दे, तुमच्या नाही : पहाटे दूध काढणाऱ्याला सकाळी नऊचा गजर लावून देऊ नका. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, एसटीच्या टपावरच्या बॅगेत नाही. डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायचे नाहीत, आपल्याला फोन करायचा. आणि फोन उचलणाऱ्याने आधी ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी फोन येत नाही.

आणखी एक. कोणाच्या गोळ्या कधी संपतात याची तारीखवार वही आजपासून ठेवायची. जुन्या फायलींवरून पहिलं पान मी भरलंय, ते टेबलावर आहे. या शनिवारी ज्यांचा साठा संपतोय त्यांची नावं वर आहेत. जेवणाची सुट्टी नंतर घ्या, आधी त्यांना फोन लावा.