दानाचा जमाखर्च

दान म्हणजे ज्यात देणाऱ्याचं काहीतरी कमी होतं, अशी माझी पहिल्यापासूनची समजूत. बी. कॉम. झालेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? एकाच्या खाती जमा, तर दुसऱ्याच्या खाती नावे. गॅलरीतल्या निशिगंधाला मात्र ही पद्धत मुळीच मान्य नाही.

निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. दांडा येतो, कळ्या खालून वर अशा ओळीने उमलतात आणि तो कंद सेवानिवृत्त होतो. पण जाण्यापूर्वी भोवती पिल्लांचा गोतावळा जमवून ठेवतो. दोन-तीन वर्षं कुंडीला हात लावला नाही, तर आत चाळीतली खोली होते. माणसं उदंड, पाय पसरायला जागा नाही. मग नुसती पानंच पानं. म्हणून थंडीत पानं पिवळी पडली की पाणी तोडावं, फेब्रुवारी-मार्चात कुंडी उलटी करून माती झाडावी आणि कंद बोटांनी अलगद सुटे करावेत. थोडे दिवस सावलीत सुकवून मग पुन्हा लावावेत.

कुंडीत मावतात पाच-सहा. निघालेले असतात पंचवीस-तीस. उरलेले वाटायचे. न वाटावेत, तर माझीच कुंडी फुलायची नाही. म्हणजे शेजारच्या वहिनींना मी कंद देतो, ते औदार्य की अडगळ काढणं?

हिचं म्हणणं, "त्यांना फुलं मिळाल्याशी मतलब. तुमचा हेतू काय त्या फुलदाणीत ठेवणार आहेत?"

मुद्दा बिनतोड आहे, पण मला पटत नाही. कारण खरी कसोटी कंद वर्तमानपत्रावर पसरल्यावर लागते. दोनएक सेंटिमीटर जाडीचा कंद त्याच वर्षी फुलतो. हरभऱ्याएवढं पिल्लू वर्षभर नुसती पानं हलवतं. पुडीत बांधल्यावर दोन्ही सारखीच! दहा हरभरे दिले, तरी वहिनी "अहो, कशाला एवढे!" म्हणणारच. असं बिनबोभाट कंजूष होण्याची सोय आमच्या बँकेतसुद्धा नाही. तेव्हा मी नियमच केला आहे : मोठ्यांतले निम्मे शेजारी. नियम पाळतो, हात मात्र दर मार्चात थोडा अडखळतो.

आणखी एक पेच आहे. आमचा निशिगंध डबल जातीचा. त्याला बी धरत नाही, सगळी वाढ कंदांतूनच. म्हणजे वहिनींच्या कुंडीतलं झाड हा माझ्याच झाडाचा तुकडा. ऑगस्टात त्यांचा दांडा आधी वर आला, तर मी अभिमान बाळगावा की मत्सर? मी दोन्ही बाळगतो, आणि रात्री कठड्यावरून येणारा वास फुकट घेतो.

यंदा त्यांनी आपली कुंडी उपसली आणि तिसऱ्या मजल्यावर एक पुडी पाठवली, असं कळलं. आत मोठे होते की हरभरे, हे मी अजून विचारलेलं नाही.