पुट्टीखालचा गंज : गीता ३.६



मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. दोन वर्षं शनिवार-रविवार तिच्याखाली झोपून काढले. अशा जुन्या गाड्यांचा मागच्या चाकांभोवतीचा पत्रा आतून गंजतो. खरं तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला हवा. मी कंटाळलो. गंजावरच पुट्टी भरली, घासली, रंग मारला. गाडी आरशासारखी चमकली.

परवा गिऱ्हाईक आलं. इंजिनाचा आवाज ऐकून खूश. गंजाबद्दल त्याने विचारलंच नाही. न विचारलेलं न सांगणं, हे खोटं बोलणं का?

सकाळीच हा श्लोक वाचला होता. बाहेरून इंद्रियं आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला भगवंत मिथ्याचारी म्हणतात. म्हणजे वरून काय दिसतं यापेक्षा आत काय चाललंय, हे ते बघतात.

खणातला चुंबक काढून त्याच्या हातात दिला. पत्र्याला चिकटतो, जाड पुट्टीला नाही. चाकाच्या वर लावला, तर घसरून खाली पडला. गिऱ्हाईकही गेलं.

आज ग्राइंडर काढलाय. जपाला बसलो तेव्हा मात्र वाटलं, माझ्यावरून चुंबक फिरवला तर कुठेकुठे गळून पडेल? तुम्हीही बघा.

जय हरी!