शोभा कुणाची, मान कुणाचा?

सोयरिकीची बोलणी ऐका कधी. "आमचं काही मागनं नाही बाप्पा. पोरगं नोकरीवर हाय, चार लोकात शोभलं पाह्यजे, बस." या शोभण्यात मोटारसायकल येते, अंगठी येते, फ्रीज येतो. भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा, विधी बौद्ध, यादी मात्र जुनीच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याचा धाक इतकाच की 'हुंडा' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही.

मग मानाची वस्तू वाईटच काय? तसं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसणं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत पाटल्या, ही अस्पृश्यपणाची ओळख आहे, ती टाका म्हणाले. ओळख टाकायला सांगितलं, नीटनेटकं राहणं नव्हे. बायांनी तिथंच लुगडी पायघोळ नेसली. खुद्द बाबासाहेबांचा सूटही तसाच. ज्याच्या बापजाद्यांना धड कापड नेसायची चोरी होती, त्यानं कोट घातला की ते बंडच असतं.

पण बंड माणूस स्वतःच्या बळावर करतो. आमच्या भातकुलीकडं खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारं, ओलिताची सोय नाही, पीक पावसाच्या भरवशावर. अशा दोन एकरवाल्या बापाचं वावर गहाण टाकून जी गाडी दारात येते, तिला बंड कसं म्हणावं? त्या गाडीवर मागं बसणाऱ्या पोरीला ठाऊक असतं आपण कितीत पडलो ते.

जातीची उतरंड काय असते? प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी. सगळ्यात खालच्या मडक्याखाली कोण? त्याची बायको. स्वाभिमानाला खाली कोणी लागत नाही, मिजाशीला लागतं. "माही बायको मास्तरीन हाय" असं चावडीवर मिरवायचं अन् तिचा पगार पहिल्या तारखेला आपल्या खिशात घालायचा, ही मिजास. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीनं उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ते भाषण आपण जयंतीला बायांना वाचून दाखवतो. ऐकायला पाहिजे होतं नवऱ्यांनी.

मित्रांनो, पुढच्या बैठकीत यादी निघाली की नवरदेव कोण ते पाहून घ्या. बहुतेक आपल्याच युवक मंडळाचा निघतो. बाप बोलत असतो, अन् तो मान खाली घालून सुपारी कातरत बसलेला असतो.